कोर्स ‘जवळजवळ झालाय’, पण रिव्ह्यू संपत नाही: काम नेमकं कुठे अडतं आणि कसं सोडवायचं

अडचण अशी आहे. ई-लर्निंगचा, म्हणजे कॉम्प्युटरवर बघायचा कोर्स बांधून झालाय, आवाज चढवून झालाय, क्विझ चालतेय. सोमवारच्या मीटिंगमध्ये “नव्वद टक्के झालं, थोड्या कमेंट बाकी आहेत” असं सांगितलं जातं. पुढच्या सोमवारीही तेच. त्याच्या पुढच्या सोमवारी कमेंट कमी व्हायच्या सोडून वाढलेल्या असतात, आणि फोल्डरमध्ये ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल साहेबांनी बघितलेली’ अशा तीन फाइली पडलेल्या असतात. डेव्हलपर कंटाळलेला, क्लायंट वैतागलेला, आणि कोर्सचा मजकूर आखणारी इन्स्ट्रक्शनल डिझायनर रात्री साडेदहाला स्क्रीन १४ वरचं एकच वाक्य चौथ्यांदा बदलत बसलेली.

मी नवी मुंबईतल्या महापे-रबाळे पट्ट्यातल्या एका छोट्या टीममध्ये हे काम करते. आमचे बरेचसे कोर्स टीटीसी या इथल्या औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी असतात: सुरक्षा, एसओपी (कामाची ठरवून दिलेली पद्धत), नव्या कामगारांचं इंडक्शन. प्रोजेक्ट मॅनेजर असा वेगळा माणूस आमच्याकडे नाही. ज्याने स्टोरीबोर्ड, म्हणजे कोर्सची स्क्रीनवार स्क्रिप्ट, लिहायचा त्यानेच तारखाही सांभाळायच्या. हे लिहितेय ते अशाच माणसासाठी. त्याच्याकडे महागडं सॉफ्टवेअर नाही, मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट नाही. एक गूगल शीट आहे आणि हातात आणखी दोन कोर्स आहेत. तेवढ्यावर हे जमतं.

आधी निदान

रिव्ह्यू लांबला की आपण दोनच गोष्टी करतो. एक तर क्लायंटच्या मागे जास्त लागतो, नाहीतर आणखी एक डेव्हलपर मागून घेतो. कमेंट कोणत्या जातीच्या येतायत हे माहीत नसेल तर दोन्हीचा उपयोग नाही. म्हणून आधी अर्धा तास काढा. शेवटच्या राउंडच्या सगळ्या कमेंट, म्हणजे मेलमधल्या, व्हॉट्सॲपवरच्या, फोनवर सांगितलेल्यासुद्धा, एका शीटमध्ये एकाखाली एक उतरवा आणि प्रत्येकीपुढे एक अक्षर लिहा.

‘चू’ म्हणजे आपली चूक: शुद्धलेखन, न चालणारं बटण, चुकीचं उत्तर बरोबर धरलं जाणं. ‘म’ म्हणजे मजकूर: माहिती बदलली, राहून गेली होती किंवा नव्याने सुचली. ‘आ’ म्हणजे आवड: हा निळा नको, बाईचा आवाज हवा, चित्रं अजून ‘लाइव्हली’ करा. ‘वा’ म्हणजे वाद: एक म्हणतो स्क्रीन काढा, दुसरा म्हणतो तीच वाढवा.

मग मोजा. जे अक्षर जास्त निघेल तिथे दुखणं आहे, आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे.

‘चू’ जास्त असतील तर क्लायंटला काही सांगू नका, दोष आपल्या घरात आहे. बाहेर पाठवण्याआधी ज्याने कोर्स बांधला नाही अशा एका माणसाने तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवायचा, क्विझमध्ये मुद्दाम चुकीची उत्तरंही द्यायची आणि मागे-पुढे उड्या मारून बघायचं. दोन राउंडमध्ये फरक पडतो.

मजकुराच्या कमेंट: खरं दुखणं बहुतेक वेळा इथेच असतं

एका केमिकल कारखान्यासाठी आम्ही टाकीत उतरून करायच्या कामाचा कोर्स करत होतो. इंग्रजी, हिंदी आणि मराठी, तिन्ही भाषांत. तो ४ मार्चला सुरू व्हायला हवा होता. ४ मार्च १९६६ ला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, तिचं मुख्यालय इथेच सीबीडी बेलापूरला आहे, आणि त्या दिवसापासून कारखान्यांमध्ये सुरक्षा सप्ताह सुरू होतो. त्यामुळे ती तारीख हलणं शक्य नव्हतं.

स्टोरीबोर्ड मेल केला. दोन दिवसांत “ओके, गो अहेड” असं उत्तर आलं. आम्ही खूश. भाषांतर झालं, तिन्ही भाषांचं रेकॉर्डिंग झालं, ॲनिमेशन आवाजाला जुळवून झालं. आणि फेब्रुवारीत, शेवटच्या रिव्ह्यूमध्ये सेफ्टी ऑफिसरची कमेंट आली: “जेवणाच्या सुट्टीनंतर टाकीत परत उतरण्याआधी पुन्हा गॅस टेस्ट करायची असते. ते कुठे आहे?”

त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन सुमारे २०.९ टक्के असतो. टाकीत तो १९.५ च्या खाली गेला की माणसाला आत सोडायचं नाही. सकाळी मोजलेला आकडा दुपारी तसाच असेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. हे वाक्य नसलेला कोर्स बघून एखादा कामगार दुपारी सरळ आत उतरला असता.

पण त्या एका वाक्याचा प्रवास बघा. इंग्रजी स्क्रिप्ट बदलली. हिंदी आणि मराठी भाषांतर नव्याने, दोन्ही तपासून. तीन आवाजांच्या कलाकारांच्या तारखा आणि स्टुडिओ. नवा आवाज सात सेकंदांनी लांब, म्हणून तिन्ही फाइलींमध्ये त्या स्क्रीनचं ॲनिमेशन पुन्हा जुळवणं. सबटायटल. त्यावर एक प्रश्न हवाच, म्हणून क्विझचे एकूण गुण बदलले आणि पास होण्याचा आकडाही. मग तीन वेळा पब्लिश, तीन वेळा एलएमएसवर (कामगार ज्यात लॉगिन करून कोर्स बघतात त्या सिस्टिमवर) चढवणं, तीन वेळा तपासणं. कामाचे सहा दिवस गेले. स्टोरीबोर्डवर असताना हेच काम दहा मिनिटांचं होतं.

मग त्यांनी ‘ओके’ का लिहिलं? आळस म्हणून नाही. आपला स्टोरीबोर्ड म्हणजे पाच रकान्यांचा तक्ता: स्क्रीन नंबर, पडद्यावरचा मजकूर, आवाजाचा मजकूर, चित्राचं वर्णन, डेव्हलपरसाठी सूचना. आपल्याला तो वाचताना डोळ्यांसमोर कोर्स दिसतो. प्लांटवर दोन राउंडच्या मध्ये मोबाइलवर फाइल उघडणाऱ्या माणसाला फक्त चिरफाळलेलं टेबल दिसतं. तो पहिलं पान बघतो, शेवटचं बघतो आणि आपल्यावर विश्वास ठेवतो. त्याच्या दृष्टीने कोर्स पहिल्यांदा ‘दिसतो’ तो बांधून झाल्यावर, आणि तेव्हा तो मनापासून वाचतो. म्हणजे खरा रिव्ह्यू चुकीच्या जागी होतो.

यावर उपाय एकच सापडलाय आणि तो मी आता कुठल्याच कोर्सला सोडत नाही. स्टोरीबोर्ड पाठवायचा नाही, सोबत बसून मोठ्याने वाचायचा. दीड तास लागतो. शक्य असेल तर त्यांच्या जागी जाऊन.

त्यानंतरच्या एका कोर्सला मी पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात गेले. साहेबांचं हेल्मेट टेबलावर, बाजूला वर्क परमिटचं पुस्तक, आणि मी आवाजाचा मजकूर जसा ऐकू येणार तसा वाचतेय. स्क्रीन ९ ला आम्ही लिहिलं होतं, “आतल्या सहकाऱ्याला त्रास होत असल्याचं दिसताच त्याला ताबडतोब बाहेर काढा.” साहेबांनी हात वर केला. “थांबा मॅडम. हे ऐकून बाहेरचा माणूस आत उडी मारेल. एकामागोमाग एक असेच जातात.” पेन घेऊन त्यांनी माझ्या प्रिंटवर वाक्य खोडलं आणि वर लिहिलं: आत जाऊ नका. अलार्म द्या. दोर आणि ट्रायपॉडने वर ओढा. तीन छोटी वाक्यं. मेलवरच्या रिव्ह्यूत हे वाक्य ‘ओके’ झालं असतं अशी मला खात्री आहे, कारण वाचायला ते चांगलं वाटतं. ऐकल्यावरच त्यातला धोका कळतो.

वाचन झालं की त्याच दिवशी मेल जातो आणि त्यावर उत्तर म्हणून हेच वाक्य मागते: “स्क्रीन १ ते ३२ चा मजकूर मी वाचला आहे व तो बरोबर आहे. यानंतरच्या बदलासाठी वेळापत्रकात वेळ धरलेला नाही, याची मला कल्पना आहे.” नुसतं ‘ओके’ चालत नाही. हे मागताना सुरुवातीला संकोच वाटतो, समोरचा दुखावेल असं वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. हे वाक्य समोर आलं की माणूस आणखी एकदा वाचतो आणि दोन बारीक गोष्टी स्वतःहून सांगतो. हा मेल येईपर्यंत स्टुडिओ बुक करायचा नाही, भाषांतराला फाइल द्यायची नाही. तारीख कितीही जवळ आली असली तरी नाही.

आपण सगळेच एडीचं (ADDIE, कोर्स बनवण्याच्या पाच टप्प्यांचं मॉडेल) चित्र पाठ केलेले लोक आहोत. १९७५ मध्ये फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत अमेरिकन सैन्यासाठी ते मॉडेल घडलं: विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन. प्रपोजलमध्ये त्याची पाच खोकी काढतो, पण दोन खोक्यांच्या मध्ये दार आहे आणि ते लावून घ्यायचं असतं, हे राहून जातं. वरचा मेल म्हणजे ते दार.

तरीही नंतर बदल येणारच. त्यासाठी शीटमध्ये ‘बदल’ नावाचं वेगळं पान ठेवा. प्रत्येक ओळीत चारच गोष्टी: काय बदलायचं, का, किती दिवस लागतील, आणि ‘आत्ता की पुढच्या आवृत्तीत’ हा निर्णय कोणी दिला. दिवसांचा आकडा डेव्हलपरला विचारून लिहा, मनाने नको. समोरच्याला आकडा दिसला की अर्ध्याहून जास्त बदल पुढच्या आवृत्तीत जातात, आणि तेही न भांडता. एक अपवाद मात्र पक्का: ज्या चुकीने माणसाला इजा होईल किंवा कायदा मोडला जाईल, ती आत्ताच दुरुस्त करायची. तिथे दिवस मोजायचे नाहीत, तारीख गेली तरी चालेल.

शब्दांची यादीही याच टप्प्यावर हातावेगळी करा. मराठी फाइलमध्ये ‘बंदिस्त जागा’ म्हणायचं की ‘कन्फाइन्ड स्पेस’, यावर आमच्याकडे तीन माणसांनी तीन राउंड घालवले आहेत. कंत्राटी कामगार दोन्ही म्हणत नाहीत, ते ‘टाकीत उतरणं’ नाहीतर ‘व्हेसल एन्ट्री’ म्हणतात. वीस-पंचवीस शब्दांची यादी करा, प्लांटवरच्या सुपरवायझरला दाखवा आणि भाषांतर करणाऱ्याच्या हातात ती फाइलसोबत द्या.

वादाच्या आणि आवडीच्या कमेंट

‘वा’ जास्त निघाल्या तर समजा की निर्णय घेणारा माणूस ठरलेलाच नाही. एचआर मॅडम, सेफ्टी, प्रॉडक्शन, सगळे आपापल्या कमेंट थेट आपल्याला पाठवतात आणि आपण मध्ये निवाडा करत बसतो. तो आपला अधिकार नाही. पहिल्या मीटिंगलाच विचारा: “दोघांचं जुळलं नाही तर शेवटचा शब्द कोणाचा?” उत्तरात एकच नाव आलं पाहिजे. सगळ्यांच्या कमेंट त्याच माणसाकडे जातील आणि त्याने भांडणं मिटवलेली एकच शीट आपल्याकडे येईल. नाव द्यायला टाळाटाळ झाली, तर काम सुरू व्हायच्या आधीच हा कोर्स लांबणार हे लिहून ठेवा आणि आपल्या साहेबांना त्याच दिवशी सांगा.

‘आ’ चं औषध सोपं आहे. पूर्ण कोर्स बांधण्याआधी तीन-चार स्क्रीन अगदी शेवटच्या रूपात बनवा. खरे रंग, खरी चित्रं, खऱ्या आवाजाचा तीस सेकंदांचा नमुना, एक प्रश्न. त्यावर मान्यता घ्या. मराठी-हिंदी असेल तर त्यातली एक स्क्रीन देवनागरीत हवीच. ओळींमधलं अंतर कमी असलं की वरच्या वेलांट्या आणि मात्रा कापल्या जातात, आणि हे बत्तीसाव्या स्क्रीनला कळण्यापेक्षा तिसऱ्याला कळलेलं बरं.

कमेंटच येत नसतील तर

हा वेगळा आजार आहे. फाइल गेली, आठ दिवस शांतता. आपण “जेंटल रिमाइंडर” पाठवतो, मग दुसरा, मग फोन.

आपण वेळापत्रकात स्वतःचे दिवस मोजतो, क्लायंटचे मोजत नाही. ‘रिव्ह्यू’ अशी एक ओळ असते, पण त्या दिवशी साहेब रजेवर आहेत की नाही हे कोणी विचारलेलं नसतं. कोर्स सुरू होतानाच त्यांच्या कॅलेंडरमध्ये वाचनाचे दीड तास आणि रिव्ह्यूचे दोन दिवस बुक करा. आणि त्यांचं वर्ष विचारून घ्या: प्लांटचं शटडाउन कधी, ऑडिट कधी, मार्चअखेर किती घाईची, गणपतीत कोण गावाला जातं. माझी चूक अशी होती की मी सेफ्टी ऑफिसरला फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात रिव्ह्यू मागत होते. सुरक्षा सप्ताहाची पोस्टर, स्पर्धा, शपथेचा कार्यक्रम, सगळं त्याच माणसाच्या डोक्यावर त्याच आठवड्यात असतं. त्यांना वेळ नव्हता यात त्यांचा काय दोष?

आणि वेळापत्रकाखाली एक ओळ ठळक लिहा: रिव्ह्यू जितके दिवस उशिरा येईल तितकी शेवटची तारीख पुढे जाईल. हे आधी सांगितलं तर नियम असतो. नंतर सांगितलं की ती तक्रार होते.

एकच शीट

साधनांबद्दल फार बोलत नाही. ट्रेलो वापरा, एक्सेल वापरा, भिंतीवर चिठ्ठ्या लावा. पण दोन गोष्टी सोडू नका.

पहिली, ‘किती टक्के झालं’ हा रकाना काढून टाका. टक्के हे मनाचे असतात. त्याऐवजी स्क्रीन मोजा: ३२ पैकी किती वाचून मान्य, किती बांधून झाल्या, कितींवर आवाज चढला, किती तपासून पास. स्क्रीन एकतर पास आहे किंवा नाही, मधलं काही नाही. “नव्वद टक्के” म्हणणाऱ्या कोर्समध्ये पास झालेल्या स्क्रीन ३२ पैकी ११ निघालेल्या मी बघितल्या आहेत.

दुसरी, ‘सध्या कोणाकडे’ हा रकाना घाला, आणि त्यात टीमचं नाही, माणसाचं नाव लिहा. ‘क्लायंट’ असं लिहिलं की काम कोणाकडेच नसतं. रोज सकाळी ट्रान्स-हार्बर लोकलला ठाण्याहून बसले की घणसोली येईपर्यंत मी फोनवर फक्त हा एक रकाना बघते. एकच नाव तीन दिवस तसंच दिसलं की त्या माणसाला फोन.

दिवस ठरवताना “किती लागतील?” असं स्वतःला विचारू नका, मागच्या कोर्सला किती लागले ते बघा. माणूस स्वतःच्या कामाला लागणाऱ्या वेळेचा अंदाज सहसा कमी धरतो, मागचा अनुभव हाताशी असला तरी. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच हे मांडलंय. जुन्या शीट जपून ठेवा, त्या नव्या वेळापत्रकाचा पाया आहेत.

फाइलच्या नावात ‘फायनल’ हा शब्द आम्ही बंद केलाय. कोर्सचं नाव, भाषा, तारीख, आवृत्तीचा आकडा. जुन्या फाइली ‘जुने’ फोल्डरमध्ये, बाहेर एका भाषेची एकच.

बदल करूनही जुनंच दिसतंय

रिव्ह्यू लांबण्याचं हे एक तांत्रिक कारण आहे आणि ते फार वेळा नजरेतून सुटतं. आपण दुरुस्त करून पॅकेज (पब्लिश केलेल्या कोर्सची फाइल) एलएमएसवर चढवतो, समोरून येतं “अजून तसंच आहे”. बहुतेक वेळा ब्राउझरने जुनी फाइल धरून ठेवलेली असते. इनकॉग्निटो खिडकीत, नव्या टेस्ट लॉगिनने उघडायला सांगा. जुन्या लॉगिनमध्ये आधीच्या आवृत्तीतली साठवलेली स्थितीही अडकलेली असते. प्रत्येक पॅकेजच्या पहिल्या स्क्रीनच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आवृत्तीचा आकडा टाका, म्हणजे समोरचा नेमकं काय बघतोय हे फोनवर एका प्रश्नात कळतं.

लांब कोर्समध्ये “जिथे सोडलं तिथून सुरू होत नाही” अशी तक्रार आली तर पॅकेज स्कॉर्म १.२ आहे का बघा (स्कॉर्म म्हणजे कोर्स आणि एलएमएस एकमेकांशी कसे बोलतात याचं ठरलेलं मानक). त्यात कोर्सची स्थिती साठवायला फक्त ४०९६ अक्षरांची जागा आहे. स्कॉर्म २००४ च्या चौथ्या आवृत्तीत ती ६४,००० आहे. एलएमएसला चालत असेल तर ती घ्या, नाहीतर कोर्सचे दोन भाग करा. हे शेवटी कळू नये म्हणून कामाच्या पहिल्याच आठवड्यात तीन स्क्रीनचं रिकामं पॅकेज क्लायंटच्या एलएमएसवर चढवून बघा. लॉगिन, बुकमार्क, गुण, पूर्ण झाल्याची नोंद, चारही.

कोर्स आत्ता अडकलाय, काय करू?

एक दिवस सगळे बदल थांबवा. डेव्हलपरला सांगा, आज काही उघडायचं नाही. वरची अक्षरांची शीट करा. निर्णय घेणाऱ्या माणसाकडे एक तास मागा, मेलवर नाही, समोर किंवा कॉलवर. शीट पडद्यावर ठेवा आणि प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एकच शब्द: ‘आत्ता’, ‘पुढे’ किंवा ‘नको’. त्या तासात नवी कमेंट घ्यायची नाही, धोकादायक चूक सापडली तरच.

त्या टाकीच्या कोर्सला आम्ही शेवटी हेच केलं. ५७ कमेंट होत्या: ९ चुका, ३१ मजकुराच्या, १२ आवडीच्या, ५ वादाच्या. साहेबांनी कॅन्टीनमधून कॉल जोडला, चाळीस मिनिटांत शीट संपली. १९ ‘आत्ता’, बाकीच्या पुढे किंवा नको. १ मार्चच्या संध्याकाळी तिन्ही पॅकेज चढली. ४ तारखेला सकाळच्या पाळीने ट्रेनिंग रूममध्ये मराठी कोर्स लावला, आणि स्क्रीन १७ वर ते सात सेकंदांचं वाक्य ऐकू आलं: जेवणाच्या सुट्टीनंतर टाकीत उतरण्याआधी पुन्हा गॅस टेस्ट करून घ्या.